कुंभारणीचं नाव कुणी ठेवलं

गुंद, ता. जोयडा
सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

पार्वतीबाई, तुमच्या लेकीनं आमच्या भिंतीवरचं कुंभारणीचं घर खुरप्यानं खरवडून काढलं आणि वर मला म्हणती, "आत्ती, दिवाळीची सफाई केली." सफाई! बाकीच्या भिंतीला कोळिष्टकं तशीच लोंबत्यात, चुलीवरचं काजळ तसंच. सफाई फकस्त खाटेवरच्या वीतभर जागेची. मी परड्यातनं आत येऊस्तोवर माती खाली पडलेली, मातीत हिरव्या अळ्या, आणि मयूरी खुरपं धरून हुबी. मी विचारलं, "हे काय केलंस?" तर गप. "कुणी सांगितलं?" तर गप. तुमच्यात सुनेला गप बसायला शिकवत्यात ते चांगलं हाय, पण विचारल्यावर तरी तोंड उघडायचं का न्हाई?

कुंभारीण म्हंजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तरी सांगते, कारण तुमच्या लेकीला कुणी सांगितलेलं दिसत न्हाई. कंबर दोऱ्यावानी बारीक, तोंडात मातीची गोळी, गुणगुणत येती आणि भिंतीला मडक्यावानी घर बांधती. ज्या घरात पोटुशी बाई हाय न्हाईतर व्हणार हाय, तिथंच बांधती. गुंदात हे शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय. म्हणून आम्ही चुना मारताना ते घर सोडून मारतो. आमच्या भिंतीला अशी ठिगळं हायत, पाव्हणे हसत्यात, हसू देत.

मयूरीच्या लग्नाला सहा वर्सं झाली. मी तिला एका शब्दानं बोलले न्हाई. बोलले असंन एकदा-दोनदा, पण गोडीनं. यंदा भाद्रपदात कुंभारणीनं बरोब्बर तिच्या खाटेच्या वर घर केलं. बरोब्बर वर म्हंजे जरा बाजूला होतं, मी खाट सरकवली. त्यात काय चुकलं? गावभर झालं म्हणून ती रुसली म्हणत असंल तर ते बी खोटं. मी कुणाला सांगत फिरले न्हाई, पाणवठ्यावर एकदा बोलले, तेवढंच. बायका आपणहून आल्या. कोण चिंच घेऊन, कोण मिठातल्या कैऱ्या घेऊन. माणसं मायेनं येत्यात.

आणि आता हे. मी एवढंच म्हटलं, "हे पाप कुठं फेडशील?" तर पिशवी भरली आणि बशीत जाऊन बसली. माझा मुलगा महाबळेश्वर कुळगीच्या जंगल क्यांपात कामावर. त्याला बायको गेलेली आठवड्यानं कळलं, आणि ऐकून तो बी गप. सगळ्यांनी मिळून मुक्यानं राहायचं ठरवलंय का?

तुम्हाला फोन लावला तर "आवाज येत नाही" म्हणून ठेवता. आमच्यात रेंज न्हाई, मी टाकीच्या टेकाडावर चढून फोन करते. तुमचा आवाज मला सरळ येत होता. तुमच्या मिक्सरचा बी येत होता. म्हणून लिवायला बसले. चौथीपत्तोर शिकलेय, अक्षर लागलं न्हाई तर गणेशकडनं वाचून घ्या. पत्र बशीच्या कंडक्टरकडं देते, उत्तर बी त्याच्याकडंच द्या.

भात पिवळं झालंय, कापायला हात कमी हायत. तिला काय झालंय ते कळवा.

केशर

*

रामनगर
शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४

केशरबाईंना पार्वतीचा नमस्कार.

पत्र पोचलं. गणेशला दिलं नाही, मीच दोनदा वाचलं. मुलाच्या हातात असलं पत्र कसं देणार?

मयूरीला ताप आहे. फार नाही, अंग कसकसतं म्हणते. दिवाळी होऊ दे, मग पाठवते. काळजी करू नका.

तुम्ही कुंभारीण कुणाला म्हणता ते मला आधी कळेचना. आमच्या बाजाराला मडकी घेऊन एक कुंभारीण येते, मला वाटलं तिचंच काहीतरी. पुढं अळ्या वाचल्या तेव्हा उमगलं. तिला आम्ही वाटणीमाशी म्हणतो. माझं माहेर खानापूरकडचं, तिथं सगळे तेच म्हणतात. एका घरात दुसरं घर झालं, म्हणजे भाऊ वेगळे होणार, चूल वेगळी होणार. म्हणून ती दिसली की वाळायच्या आत खरवडायचं आणि जागेवर हळदीचं पाणी लावायचं. माझ्या चुलत्यांच्यात एकदा कुणी लक्ष दिलं नाही, त्याच वर्षी अंगणात भिंत आली. तेव्हा मयूरीनं काढलं असेल तर तुमचं घर एकत्र राहावं म्हणूनच काढलं असेल. ह्यात पाप कसलं?

तरी मनात खटकलं म्हणून आमच्या दुकानात एक कानडी बाई येतात त्यांना विचारलं. त्या हसू लागल्या. म्हणाल्या, "अक्का, ते कणजद हुळ. त्यानं घर बांधलं की धान्याला कमी पडत नाही." आता त्यांच्यात कणज म्हणजे धान्याची कोठी आणि हुळ म्हणजे किडा, तेव्हा त्यांना तसं वाटणारच. तुम्ही म्हणता पाळणा, आम्ही म्हणतो वाटणी, त्या म्हणतात धान्य. खरं काय ते मला तर कळत नाही. तुम्हाला कळतंय का?

चिंच आणि कैऱ्यांचं वाचून मात्र बरं वाटलं नाही.

फराळाचं थोडं कंडक्टरकडं देते. डबा परत नाही पाठवला तरी अड्डी नाही.

पार्वती

*

गुंद
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

पार्वतीबाई, फराळ पोचला. चकलीला मोहन कमी पडलंय.

वाटणीमाशी म्हणे! मला एकच मुलगा. वाटणी कुणात व्हायची, त्याच्यात आणि म्हशीत? तुमच्या चुलत्यांच्यात भिंत आली ती माणसांनी घातली असंल, माशीवर कशाला ढकलता?

पण तुम्ही लिवल्यापासनं माझ्या बी डोक्यात ते घुमायला लागलंय. इथं चार जणांना विचारलं. मालकांना विचारलं तर म्हणाले, "माशी ती माशी." धाकटी चुलतजाऊ म्हणती, कुंभारीण आली म्हंजे मुलगाच व्हणार, घराला गळा असला तर. दुसरी म्हणती, गळा असला तर मुलगी. मग मी फुलाआजीकडं गेले. माझी चुलतसासू, तिच्याएवढं म्हातारं आता वाडीत कुणी न्हाई. तिला विचारलं, "आजी, कुंभारणीचं घर मोडलं तर काय हुतंय?" तर ती माझ्याकडंच बघत बसली. म्हणाली, "कुंभारीण कोण? गुंदात कुंभार कवा होता?" आणि झोपली. बसल्या बसल्या झोपली! पण बोलली ते खरं हाय. मडकी आम्ही बाहेरनंच आणत आलो, गावात चाक कुणी बघितलेलं न्हाई. मग ह्या माशीला कुंभारीण कुणी म्हटलं? इतकी वर्सं म्हणतेय, हे कधी मनात आलं न्हाई. तुमच्यामुळं आलं. भात कापायचं सोडून मी माशीचं नाव शोधत हिंडतेय.

ते ऱ्हाऊ दे. आता मुद्द्याचं. तापाची गोष्ट मला सांगू नका. महाबळेश्वर पाडव्याला घरी आला न्हाई, क्यांपात पाव्हणे हायत म्हणाला. आज सकाळी आला तर अंगात नवा शर्ट. "कुठला?" तर म्हणाला, "सासूबाईनी दिला." म्हंजे पाव्हणे क्यांपात नव्हते, पाव्हणा हाच होता. मग धरून विचारलं तेव्हा बोलला. मयूरीला ताप न्हाई, काय न्हाई. तुमच्या गणेशची ती गुणा, तिला कडेवर घेऊन बाजारात फिरती, भरवती, न्हाऊ घालती.

आता माझ्या ध्यानात आलं सगळं. गणेशची बायको सुमंगला बिचारी गेली, तिचं मला बी वाईट वाटलं, मी बाराव्याच्या दिवसाला येऊन गेले. गणेशचं आता दुसरं जमवताय असं ऐकते. नवी सून येऊस्तोवर पोर सांभाळायला कुणीतरी पाहिजे, तर काढा लेकीला तिच्या घरातनं! माशीचं घर मोडायला तिला तुम्हीच सांगितलं असंल, भांडण लावायला. आमच्या सुनेला फुकटची दाई करायचं असंल तर तसं तोंडावर सांगा.

कुणाचं खरं मानायचं ते मला कळंना झालंय. तापाचं तर मानायचं न्हाई, तेवढं कळलं.

डबा पाठवतेय. त्यात नाचणीचं पीठ हाय.

केशर

*

रामनगर
शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

केशरबाई,

तुमचं पत्र ह्यावेळी मयूरीनं उघडलं. वाचून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "आई, आता खरं लिही. नाहीतर मी लिहिते." म्हणून लिहितेय. तापाचं मी खोटं लिहिलं. वाटणीमाशीचं खरं आहे, पण ते मयूरीला मी कधी सांगितलेलं नव्हतं. तिनं त्यासाठी घर काढलं नाही.

श्रावणात तिनं तुम्हाला विचारलं होतं, आठवतं का? भात लावून झालं होतं. ती म्हणाली, "आत्ती, गुणाला आपल्यात आणू का? मी सांभाळीन." तुम्ही हात पुसत म्हणालात, "दुसऱ्याचं रोप आपल्या वाफ्यात धरत न्हाई." केशरबाई, राग मानू नका. पण जन्मभर एका जागचं रोप उपटून दुसऱ्या जागी लावणाऱ्या बाईनं हे बोलावं?

मग माशी आली. तुम्ही तिला म्हणालात, "बघ, आता तुझंच येतंय, दुसऱ्याचं कशाला?" खाट सरकवलीत. मग बायका यायला लागल्या. चिंच घे, कैरी घे. घेतली नाही तर म्हणणार चढली, घेतली तर म्हणणार कळलं. एकीनं तर पोटाला हात लावून बघितलं. त्याच्या आदल्याच दिवशी तिची पाळी आलेली. मी आई आहे, मला हे तिनं इथं आल्यावर सांगितलं, ते पण भांडी घासता घासता, माझ्याकडं पाठ करून.

त्या दिवशी तिनं ते घर का काढलं ते मी तिच्याच शब्दात लिहिते. "आत काय आहे ते बघायचं होतं मला. आई, आत तिची पोरं नव्हतीच. कुठनं तरी उचलून आणलेल्या अळ्या. तिनं आणलेल्या अळ्यांना सगळं गाव हात जोडतंय, आणि मी माझ्या भावाची पोर आणते म्हटलं तर धरत नाही म्हणतात."

गणेशचं तुळशीच्या लग्नानंतर ठरवायचं आहे. मुलीकडचे म्हणतात, "नात तुमची, तुमच्याजवळ राहू दे." म्हणजे त्यांना नको. गणेश मान खाली घालून बसतो. मी दुकान बघते, गुडघे धरलेत, पोर तीन वर्षांची. दुपारी पोत्यांच्या मागं जाऊन निजते आणि मी गिऱ्हाईक सोडून हाका मारत फिरते. दाई करायला मी लेक बोलावली नाही, ती स्वतः आली. जावई पाडव्याला येऊन गेले, ते तयार आहेत. तुमच्यापुढं बोलायला घाबरतात, शर्टाचं मात्र बोलून बसले.

मयूरी म्हणते, गुणाशिवाय येणार नाही. मी तिला समजावलं, रागावले पण. ती म्हणते, "मग मला पण ठेवून घे." लेक माहेरी ठेवून घेणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या घरात तुमच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. माशीचं काय खरं ते मला माहीत नाही, आणि आता मला करायचं पण नाही.

पार्वती

*

गुंद
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

पार्वतीबाई, तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर दिलं न्हाई कारण मला राग आला होता. रोपाचं बोललात ते लागलं. बोललात बरोबर, पण बोलायला नको होतं.

राग आला म्हणून पुन्हा फुलाआजीकडं गेले. म्हटलं, आज हिला झोपू द्यायचं न्हाई. पेज घेऊन गेले, घोट घोट पाजत विचारत बसले. म्हटलं, "आजी, ती मातीचं घर करणारी माशी, तिला तुझ्या वेळंला काय म्हणत?"

म्हणाली, "पोसणारीण."

"कुंभारीण न्हाई?"

"न्हाई गे. बाहेरची अळी आणती, घरात कोंडती, तिच्या कानात गुणगुणती, गुणगुणती, आणि अळी तिच्यावानीच माशी होऊन बाहेर पडती. म्हणून पोसणारीण. ती आली म्हंजे बाहेरचं पोर घरात येणार. तुझ्या पोटाशी तिला काय करायचं?"

मी म्हटलं, "मग कुंभारीण कुणी आणली?"

"तुझ्या सासूनं," म्हणाली. "ती हल्याळकडची, तिच्या माहेरी कुंभारांची घरं. तिला पोर हुईना, तिनं भैणीचं आणलं. बायका चिडवायच्या, पोसणारणीचं घर आलं, पोसणारणीचं घर आलं. तिला ते सोसंना. तिनं सांगून टाकलं, माझ्या दारात हे नाव घ्यायचं न्हाई, कुंभारीण म्हणायचं. माती कुठली का असंना, मडकं घडवणारीचं. तिच्या खळ्यावर सगळ्यांना काम, कोण बोलणार? म्हणता म्हणता वाडी कुंभारीण म्हणाया लागली. मग तुम्ही सुना आलात. तुम्हाला वाटलं, घडवणारी म्हंजे पोटात घडवणारी. झालं."

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, "ते आणलेलं पोर कुठं हाय?"

म्हणाली, "कुठं असणार? तुझ्या हातचं जेवतंय की."

पार्वतीबाई, महाबळेश्वरच्या बापाला आणलेलं हाय. मला संसारात इतकी वर्सं झाली, ह्या घरातलं मीठ कुठल्या गाडग्यात असतं ते डोळं मिटून सांगंन, आणि हे मला ठाऊक न्हाई! मला खरं वाटंना. फुलाआजीचं डोकं कधी असतं, कधी नसतं. तशीच शेतात गेले. हे पेंढ्या बांधत होते. म्हटलं, "तुम्ही आत्तींच्या पोटचे न्हाई?" बांधता बांधता म्हणाले, "न्हाई." "तुम्हाला ठाऊक होतं?" "व्हय." "मला का सांगितलं न्हाई?" तर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "त्यात सांगायचं काय? दुसरा विळा कुठं ठेवलास?"

दुसरा विळा! मी तिथंच बांधावर बसले. म्हंजे माझी सासू ह्यांची आई न्हाई? न्हाई कशी, हायच की. शेवटच्या आजारात ह्यांनीच तिला उचलून उन्हात बसवलं, ह्यांनीच आत नेलं. ह्यांचा राग बी तिच्यावानीच, नाकावर. मग मी श्रावणात बोलले ते कुणाच्या घरात बसून बोलले? हे ओट्यावर बसून ऐकत होते त्या दिवशी. तंबाखू चोळत बसले. त्या दिवसापासनं आठवायला लागले तर माझं डोकं मळणीच्या खळ्यावानी झालंय, सगळं इकडचं तिकडं.

आणि तरी मला कळत न्हाई. फुलाआजीचं खरं, का तुमचं, का त्या कानडी बाईचं, का माझ्या सासूचं? चार बायका, चार नावं, माशी एकच, आणि तिला विचारलं तर ती गुणगुणती. मी खाट सरकवली ती कशाखाली सरकवली? बायकांनी चिंच आणली ती कशाची? जावेला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अक्का, सुम्मन, उगंच कायतरी, तुमचं आपलं कुंभारीणच बरं." तिला गळ्याचं पडलंय.

तर आता मी सांगते ते नीट ऐका.

गुणाला आणा. पण गणेशनं स्वतः येऊन, माझ्यापुढं बसून, मान वर करून सांगायचं की पोरगी मयूरीला आणि महाबळेश्वरला दिली. तुमच्या तोंडानं न्हाई, त्याच्या तोंडानं. उद्या नवी सून म्हणाली "बरं न्हाई दिसत," म्हणून मागायला यायचं न्हाई. शिमग्याला या, उगादीला या, पोरीला घेऊन दोन दिवस जावा, परत आणून सोडा. पण मागायचं न्हाई. ह्या घरात आलं ते पोर गेलेलं मला चालणार न्हाई, अगोदरच सांगून ठेवते.

मयूरीनं मला एक चिठ्ठी लिवायची, तिच्या हातानं. माफीची नको. येणार का, एवढीच. तिच्या पोटाला हात लावला तो कुणी, ते बी लिवायचं. त्या बाईला मी बघते.

आणि आणखी एक. पोरगी तुम्हाला अज्जी म्हणती, ते मी दिवसाला आले तेव्हा ऐकलंय. मला बी अज्जी म्हणाली तर दोन अज्ज्यांत तिचा घोटाळा व्हईल, एक अज्जी सुटली असं वाटून रडंल. मला काय म्हणायचं ते तिलाच विचारा. काय बी म्हणू दे, केशर म्हणाली तरी चालंल. पण इथं आल्यावर विचारत बसायचं न्हाई, मला अगोदर ठाऊक पाहिजे, म्हंजे पहिल्या हाकेला ओ देता येईल.

गुरुवारी २१ तारीख हाय. गुरुवारच्या बशीत चिठ्ठी पाहिजे. न्हाई आली तर शुक्रवारी भात खळ्यावर टाकून मीच येतेय, आणि मग मिक्सर लावून उपयोग न्हाई.

केशर